कृष्णाकाठचे अकरा मारुती



आपल्या मुलखात गाव तिथे मारुती असायचाच. कुठे तो वेशीवर असतो, कुठे चावडीच्या शेजारी, तर कुठे पिंपळाच्या पारावर. शनिवारी त्याच्या अंगावर तेल पडते आणि गळ्यात रुईच्या पानांची माळ येते. परगावचा नवरदेव आला की आधी मारुतीच्या देवळात उतरतो आणि तिथून वाजतगाजत मांडवाकडे निघतो. तालमीत जाणारे पोर जाता जाता त्याच्या पायरीला हात लावते. हा देव इतका घरचा झालेला आहे, की त्याला इथे कोणी बसवला, कधी बसवला, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. गाव होते तेव्हापासून मारुती आहे, असे आपण धरून चालतो.

पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, आणि त्यांना लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात मिळून अकरा मारुती असे आहेत, की त्यांचा संस्थापक आपल्याला ठाऊक आहे, स्थापनेचा काळ परंपरेने जपून ठेवला आहे, आणि ते का बसवले याचाही पुष्कळसा उलगडा होतो. हे अकरा मारुती समर्थ रामदासस्वामींनी स्थापन केले. आज त्यांचीच हकिगत आपण पाहणार आहोत.

आधी नावे सांगतो. शहापूर, मसूर आणि उंब्रज ही तीन गावे कराड तालुक्यातली. चाफळचे दोन मारुती, माजगाव आणि शिंगणवाडी ही चार ठिकाणे पाटण तालुक्यातली. म्हणजे सातारा जिल्ह्यात सात झाले. बहे आणि शिराळे हे दोन सांगली जिल्ह्यातले. मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यातले. इथे शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सांगली हा जिल्हा पूर्वी वेगळा नव्हता. १९४९ साली तो ‘दक्षिण सातारा’ या नावाने निराळा झाला आणि १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. वाळवे आणि शिराळे हे भाग त्याआधी साताऱ्यातच होते. तेव्हा या अकरांपैकी नऊ मारुती आपल्या आजोबा-पणजोबांच्या हिशेबाने एकाच जिल्ह्यातले. नकाशावर ही ठिकाणे टिंबांनी दाखवली तर दिसेल, की सगळी कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांच्या मुलखात आहेत. पायी चालणाऱ्या माणसाला चार-पाच दिवसांत फिरून येता येईल एवढाच हा टापू.

आता काळ पाहू. संप्रदायाच्या परंपरेप्रमाणे पहिला मारुती शहापूरचा, शके १५६६ मधला, आणि शेवटचा शिराळ्याचा, शके १५७६ मधला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे इ.स. १६४४-४५ पासून १६५४-५५ पर्यंतची ही दहा वर्षे. समर्थांचा जन्म १६०८ चा, मराठवाड्यातल्या जांब गावचा. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप आणि त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन करून ते कृष्णाकाठी आले, ते १६४४ च्या सुमारास. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते.

या तीर्थाटनाच्या सुरवातीलाच देशावर काय गुदरले होते ते ध्यानात घ्या. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. त्यावर लढायांची धामधूम. निजामशाही बुडत होती, मोगल दक्षिणेत उतरले होते, आणि आपल्या या भागावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. रयतेला अस्मानी आणि सुलतानी दोन्ही एकदम भोगावी लागत होती. अशा वेळी माणूस धान्याला महाग होतो, तसा धीरालाही महाग होतो. समर्थांनी गावोगाव फिरताना जे पाहिले ते हेच.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली १६५६ साली. अफझलखानाचा वध झाला १६५९ च्या नोव्हेंबरात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वाई-कराडपासून पन्हाळ्यापर्यंतचा मुलूख महाराजांनी झपाट्याने घेतला. अकरावा मारुती बसला तो यापूर्वी चार-पाच वर्षे. याचा अर्थ असा, की हे अकराच्या अकरा मारुती परक्या अमलाखालच्या गावांत बसवले गेले. त्यांच्यामागे कोणा राजाचा खजिना नव्हता, इनाम नव्हते, की सरदाराचा आश्रय नव्हता. समर्थ आणि शिवाजी महाराज यांची भेट केव्हा झाली यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. तो आज आपल्याला सोडवायचा नाही. कारण भेट कधीची का असेना, या मारुतींचे श्रेय कोणाकडे जाते ते त्यामुळे बदलत नाही. भिक्षेच्या झोळीवर आणि गावकऱ्यांच्या हातांवर ही देवळे उभी राहिली.

ती कशी उभी राहिली हे मूर्तींकडे पाहिले की कळते. मोठे देऊळ बांधायचे म्हणजे खाणीतला दगड हवा, पाथरवट हवेत, वर्षानुवर्षे त्यांची मजुरी द्यायला पैका हवा. समर्थांनी हा मार्गच धरला नाही. टाकळीला त्यांनी उद्धवासाठी मारुती केला तो गोमयाचा, म्हणजे गाईच्या शेणाचा, अशी परंपरा सांगते. शहापूरचा मारुती चुन्याचा, मसूरचाही चुन्याचा. उंब्रजच्या मारुतीत चुना, वाळू आणि ताग आहे. बघा बरे, यातली कोणती वस्तू गावाबाहेरून आणावी लागली असेल? चुनखडी रानात मिळते, वाळू नदीत मिळते, ताग शेताच्या बांधाला होतो.

या मिश्रणात शास्त्रही आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिची कळी होते. कळी पाण्यात विझवली, की मऊ चुना तयार होतो. तो बैलाच्या घाणीवर वाळूबरोबर मळून घेतात. मूर्तीसाठी लावलेला चुना हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. तागाचे धागे त्यात आडवेतिडवे राहतात, म्हणून सुकताना तडे जात नाहीत. आपण भिंतीच्या चिखलात भुसा किंवा गवत घालतो ते याच कारणासाठी. मसूरचा मारुती चांगला पाच फूट उंच आहे आणि अकरांत देखणा म्हणून त्याची ख्याती आहे. पावणेचारशे वर्षे होत आली. गरिबाच्या घरातल्या सामानाचा देव राजाच्या देवळातल्या देवाइतकाच टिकला.

माजगावची गोष्ट तर याहून बोलकी आहे. चाफळजवळच्या या गावाच्या शिवेवर घोड्याच्या आकाराचा एक धोंडा होता आणि गावकरी त्यालाच मारुती मानून पूजत असत. समर्थांनी तो धोंडा काढून टाकला नाही. त्याच दगडावर मारुतीचे रूप कोरवून घेतले आणि त्याची प्रतिष्ठा केली, असे सांगतात. लोकांची श्रद्धा जिथे आधीपासून होती तिथेच तिला आकार दिला. खेड्यात काम करणाऱ्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा कोणीही सुधारकाने ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे. गावात जे आहे त्याला हात घालून सुरवात केली, तर गाव बरोबर येते.

आता कोणी म्हणेल, समर्थ तर रामाचे भक्त. मग रामाचे एक देऊळ आणि मारुतीची एवढी देवळे का? याचे उत्तर चाफळला मिळते. उंब्रजच्या पश्चिमेस दहा-बारा किलोमीटरवर, मांड नदीच्या काठी चाफळ आहे. अंगापूरच्या डोहात, कृष्णेच्या पाण्यात समर्थांना रामाची मूर्ती मिळाली आणि तिची स्थापना त्यांनी १६४८ मध्ये चाफळला केली. मसूरला सुरू झालेला रामनवमीचा उत्सव पुढे इथे आला. या राममंदिरासमोर एक मारुती आहे आणि मागे एक. समोरचा तो दास मारुती. हात जोडून, नम्रपणे रामाकडे तोंड करून उभा. मागचा तो प्रताप मारुती. शेपूट डोक्यावर उभारलेले, पायाखाली राक्षस दाबलेला. समर्थांचे ‘भीमरूपी’ स्तोत्र आपल्याकडे घरोघर मुलांना पाठ असते. त्यातल्या वर्णनाशी ही मूर्ती ताडून पाहावी.

एकाच देवळाच्या पुढे आणि मागे एकाच देवाची ही दोन रूपे. मालकापुढे नम्र आणि अन्यायापुढे ताठ. दोन्ही गुण एकाच अंगात राहू शकतात, इतकेच नव्हे तर राहिले पाहिजेत, हे व्याख्यान न देता दगडाचुन्यातून सांगितले आहे. अडाण्यालाही ते कळते आणि पंडितालाही. राम हा राजा आहे, त्याचे राज्य यायचे तेव्हा येईल. पण मारुती हा कामकरी आहे. समुद्र ओलांडणारा, डोंगर उचलून आणणारा, आणि केलेल्या कामाची मजुरी न मागणारा. खचलेल्या गावाला त्या घडीला असाच देव जवळचा वाटणार. मारुतीबरोबर जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि कुस्ती आलीच. देऊळ आणि तालीम शेजारी शेजारी, ही आपल्या खेड्यांतली रीत या बलोपासनेशी घट्ट जोडलेली आहे.

सांगली जिल्ह्यातले दोन मारुती आता पाहू. वाळवे तालुक्यात बहे गावाजवळ कृष्णेचा प्रवाह दुभंगतो आणि मध्ये एक बेट राहते. तिथे रामलिंगाचे देऊळ आहे आणि त्याच्या मागे हा मारुती. त्याचे दोन्ही हात असे आहेत की जणू तो पाणी अडवून धरतो आहे. आख्यायिका अशी, की राम पूजेला बसले असता कृष्णेला पूर आला. तेव्हा मारुतीने आपल्या बाहूंनी प्रवाह दोन्हीकडे लोटून धरला. ‘बाहू’वरून गावाला बहे नाव पडले असे लोक सांगतात. ज्या माणसांची जमीन आणि गोठे दर पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी असतात, त्यांना या मूर्तीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. २००५ आणि २०१९ या सालांत कृष्णाकाठी महापूर आले, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कित्येक गावांत पाणी शिरले. त्या दिवसांत माणसांनी एकमेकांना हात देऊन बाहेर काढले. बहेच्या मारुतीचे पसरलेले हात मला तेच सांगताना दिसतात.

दुसरा शिराळ्याचा. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या मारुतीचे देऊळ असे बांधले आहे, की सूर्य उगवताना आणि मावळताना त्याची किरणे झरोक्यांतून आत येऊन मूर्तीच्या मुखावर पडतात. बांधणारे गावचे साधे कारागीर. पण दिशा, सूर्य आणि सावली यांचा हिशेब त्यांना किती नेमका येत होता, हे या देवळात उभे राहिले की समजते. याच्या उलट पारगावचा मारुती. अकरांत सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटाचा. शिंगणवाडीचाही लहानच. म्हणजे ठरीव माप, ठरीव साचा असे काही नव्हते. ज्या गावाला जेवढे झेपले तेवढा देव.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूर्ती बसवणे एका दिवसाचे काम असते. ती पावणेचारशे वर्षे चालवणे हे खरे काम. समर्थ एका गावी राहिले नाहीत. मारुती बसवला, चार माणसे जमवली, उपासना लावून दिली, आणि पुढे निघाले. मागे देव सांभाळला तो गावाने. यात बायकांचा वाटा मोठा आहे, आणि तो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. शहापूरच्या मारुतीची हकिगतच तिथल्या कुलकर्ण्यांच्या पत्नी सतीबाई यांच्यापासून सुरू होते. दारात आलेल्या गोसाव्याला त्यांनी आधी फटकारले, पण नवऱ्यावर विजापूर दरबारचे संकट आले तेव्हा तोच गोसावी उपयोगी पडला, आणि त्या समर्थांच्या शिष्या झाल्या, अशी कथा आहे. मिरजेचा मठ चालवला वेणाबाईंनी. त्या बालविधवा होत्या. त्या काळी अशा स्त्रीने ग्रंथ वाचावा, कीर्तन करावे, मठाचा कारभार पाहावा, ही गोष्ट साधी नव्हती. समर्थांनी तो अधिकार त्यांना दिला. या अकरा मारुतींची यादी सांगणारी रचनाही वेणाबाईंच्याच नावावर आहे. आणि १६८२ साली समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवल्यानंतर चाफळ आणि सज्जनगडची व्यवस्था पाहण्यात अक्कास्वामी या शिष्या पुढे होत्या.

गावोगाव मारुती बसवण्याची ही कल्पना आपल्याकडेच होती असेही नाही. याच कृष्णेच्या पात्राने खाली कर्नाटकात गेलो, तर समर्थांच्या शंभरएक वर्षे आधी होऊन गेलेले विजयनगरचे व्यासराय स्वामी भेटतात. त्यांनी ७३२ हनुमंत स्थापन केले असे तिकडची परंपरा मानते. हंपीला तुंगभद्रेच्या काठचा यंत्रोद्धारक हनुमंत त्यांचाच. पण त्यांच्यामागे विजयनगरचे साम्राज्य होते. आपल्या अकरांमागे फक्त गावे होती. हा फरक मनात ठेवला म्हणजे आपल्या लहान देवळांची किंमत अधिक कळते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यात घरे कोसळली, माणसे दगावली. चाफळच्या प्रताप मारुतीच्या देवळाला मात्र त्या धक्क्यात तडा गेला नाही, असे चाफळकर अभिमानाने सांगतात. चाफळच्या राममंदिराचा पुढे जीर्णोद्धार झाला आणि आज ते संगमरवरी झळाळीने उभे आहे. मोठी मंदिरे अशी नव्याने बांधली जातात, आणि ते योग्यच आहे. पण लहान देवळांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जुन्या चुन्याच्या भिंतीला आणि मूर्तीला सिमेंट मानवत नाही. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि मग आतला चुना भुसभुशीत होतो. भक्तीने केलेल्या दुरुस्तीतच मूळ काम नाहीसे होते. म्हणून गावाने वर्गणी काढून दुरुस्ती करायची ठरवली, तर आधी चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे, पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, आणि हात लावण्यापूर्वी देवळाची चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

आणि आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावचा मारुती या अकरांत नसेल. पण त्यालाही कोणी तरी कधी तरी बसवलेच असेल. एखाद्या शनिवारी मुलांना देवळात न्या. पायरीवर, खांबावर, घंटेवर अक्षरे आहेत का ते पाहू द्या. मूर्ती दगडाची की चुन्याची, तोंड कोणत्या दिशेला, हात जोडलेले की उगारलेले, हे त्यांना वहीत टिपू द्या. मग गावातल्या जाणत्या माणसांकडे पाठवा. पार कोणी बांधला, दगड कोणाच्या गाडीतून आले, तेलाचा दिवा कोणाच्या घराकडे होता, झाडलोट कोण करी, हे विचारायला सांगा. राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या. पण आपल्या मारुतीसाठी ज्यांनी वाळू वाहिली आणि घाणी फिरवली त्यांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत. ती सांगणारी माणसे गावात आहेत तोवर लिहून घेतली पाहिजेत. एका शाळेने एक वही केली तरी सातारा-सांगलीच्या इतिहासात मोलाची भर पडेल.